लॅपटॉपबरोबर आलेली रिस्टोअर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर का चालत नाही, आणि मग काय करायचं

दर जूनला, शाळा-कॉलेजं उघडायच्या सुमारास, नौपाड्यातल्या माझ्या दुकानात लोक जुन्या सीडी-डीव्हीडी घेऊन येतात. "ताई, भाच्याच्या लॅपटॉपबरोबर आलेली आहे, एकदम ओरिजिनल. आमच्या पीसीत टाकून द्या." ओरिजिनल असते, वाद नाही. पण वर विंडोजचं नाव छापलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा विंडोजचा सेटअप नसतोच. कारखान्यात त्या मॉडेलवर सगळं बसवून झाल्यावर हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढतात. ती इमेज आणि ती परत ओतणारा कंपनीचा प्रोग्रॅम, एवढंच डिस्कवर असतं. सेटअप तुमचं मशीन तपासून त्याप्रमाणे विंडोज बसवतो. इमेज म्हणजे मापाचा शिवलेला ब्लाउज, बहिणीला बसेलच असं नाही.

म्हणून आधी ती डिस्क चालू कॉम्प्युटरवर नुसती उघडून बघा, तिच्यावरून बूट करू नका, म्हणजे ती आत ठेवून कॉम्प्युटर सुरू करू नका. 'सोर्सेस' फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल' नावाची मोठी विम फाइल (नावाच्या शेवटी wim असलेली) असेल, किंवा जुन्या विंडोज एक्सपीच्या सीडीवर 'आय३८६' फोल्डर असेल, तर खरा सेटअप मिळण्याची आशा आहे. 'बूट' नावाची विम एकटीच दिसली तर फसू नका, ती रिस्टोअर प्रोग्रॅम चालू करण्यापुरती असते. नावाला जीएचओ किंवा एसडब्ल्यूएम असं शेपूट असलेले मोठमोठे तुकडे दिसले, की इमेज समजायची आणि डिस्क परत कव्हरमध्ये ठेवायची.

एवढी घाई का नको, ते सांगते. कोपरीतल्या एका दुकानदाराने भावाच्या पीसीची डिस्क आपल्या पीसीत घातली. कंपनी तीच, मॉडेल जवळचं, त्यामुळे डिस्कने नकारही दिला नाही. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असा इंग्रजीत प्रश्न आला, त्याने येस दाबलं. पीसीची हार्ड डिस्क पुसली गेली, इमेज ओतली गेली, आणि पहिल्याच बूटला निळा पडदा. टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, डेटा त्याच हार्ड डिस्कवर होता. बॅकअपही त्याच हार्ड डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये. (हा प्रकार ठाण्यात फार चालतो.)

त्या निळ्या पडद्यावरचा एरर कोड बहुधा '७बी' ने संपतो. विंडोज सुरू तर झालं, पण स्वतःची हार्ड डिस्कच त्याला सापडेना, असा त्याचा अर्थ. इमेजमध्ये मूळ मशीनच्या कंट्रोलरचा (हार्ड डिस्क जोडणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम, असतो, तुमच्या मशीनचा नसतो. एक्सपीच्या जमान्यात बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) हार्ड डिस्क जोडायची पद्धत एएचसीआयऐवजी जुनी आयडीई निवडली की कधीकधी भागायचं. नव्या मशीनवर तो इलाज विसरा. तिथे जुनी डिस्क बूट मेनूत (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीत) दिसतच नाही, कारण मशीन फक्त यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, ओळखतं आणि डिस्क त्याआधीची. साधा विंडोज ७ चा सेटअप २०१५ नंतरच्या इंटेल मशीनवर सुरू झाला तरी माउस-कीबोर्ड हलत नाहीत, कारण त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही.

काही डिस्क आधीच हात वर करतात: हा कॉम्प्युटर चालणार नाही, असा संदेश देऊन बंद. त्या बायोसमध्ये लिहिलेलं कंपनीचं आणि मॉडेलचं नाव वाचतात. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतील. नादी लागू नका. दार उघडलं तरी आत ड्रायव्हर आणि परवाना ही दोन भांडणं उभीच आहेत.

परवान्याचं सोपं आहे. कंपनीच्या मशीनबरोबर आलेलं विंडोज त्या मशीनचं असतं, माणसाचं नाही. एक्सपीत बायोसमधली खूण जुळवून बघायचे, व्हिस्टा आणि ७ मध्ये त्यासाठी बायोसमध्ये एक खास टेबल असायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड मशीनच्या मदरबोर्डमध्येच (आतल्या मुख्य बोर्डात) त्याची स्वतःची 'की', म्हणजे परवान्याचा क्रमांक, लिहिलेली असते. म्हणजे अशा लॅपटॉपला डिस्क लागतच नाही. त्याच एडिशनचा (होम किंवा प्रो) साधा सेटअप चालवा. ती 'की' आपोआप घेतली जाते, आणि नेट लागल्यावर विंडोज ॲक्टिव्हेट. मात्र मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला बोर्ड आणून बदललात, तर 'की' मूळ बोर्डाबरोबर गेली.

तर करायचं असं. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि तिथून एखादी फाइल उघडून खात्री करा. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोजचा सेटअप तयार करा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत असेल तर ११ च टाका. बसत नसेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल, तर मी विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकून देते. पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो, त्यासाठी डेल, लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९.

इंटेल प्रोसेसरच्या ११ व्या पिढीपासून पुढे सेटअपला मशीनमधली डिस्कच दिसली नाही, तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी नवी, वेगवान डिस्क) खराब म्हणून फेकू नका. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' दाबा.

कारखान्यातून आलं तसंच हवं असेल, तर डेल, एचपी, लेनोव्हो या तिघांच्या साइटवर सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर टाकून त्याच मशीनची रिकव्हरी मिळते, सगळ्या मॉडेलांची नाही. हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी टाकली असेल, तर स्वतःच्याच लॅपटॉपची जुनी रिस्टोअर डिस्कसुद्धा अडते. काही रिस्टोअर प्रोग्रॅमना मूळ हार्ड डिस्कएवढी जागा लागते, डेटा कितीही कमी असो. तिथेही साधा सेटअपच बरा.

आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज ११ सुरुवातीलाच नेट मागतं आणि पुढे जाऊ देत नाही. राहिलाच, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं, बहुतेक अँड्रॉइड फोनवर तेवढ्यात काम होतं.