वाय-फाय चालत नाही? राउटरच्या भोकात पिन घालण्याआधी हे बघा

वाय-फाय रुसलं की बहुतेकांचा हात आधी राउटरकडे जातो. बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, त्याने बऱ्याचदा काम होतं. घोटाळा होतो तो बारीक भोकात पिन खुपसल्यावर. ते रिसेट, रिस्टार्ट नव्हे. काही सेकंद दाबून धरलं की वाय-फायचं नाव, पासवर्ड, इंटरनेट कंपनीने दिलेलं युजरनेम, सगळं पुसलं जातं. मूळ दुखणं तसंच राहतं आणि वर नवं निस्तरत बसावं लागतं.

आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ओळखा. त्याच वाय-फायवर मोबाइल चालतोय का? (मोबाइल डेटा बंद करून बघा, नाहीतर फसगत होते.) चालत असेल तर राउटरला कशाला छळायचं? दोष बहुधा कॉम्प्युटरकडेच आहे.

'कनेक्टेड' दिसतं, पण एकही साइट उघडत नाही, हा प्रकार सगळ्यांत जास्त छळतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करा. आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा नंबर, IPv4) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. कॉम्प्युटरने आपल्या मनाने एक घेतलाय. ते नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. पत्ता ठीक वाटला तर ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे तिथेच 'ping 8.8.8.8' टाइप करून उत्तर येतं का ते बघा. उत्तर येतंय आणि तरी साइट उघडत नाही? मग डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर, संशय घ्या. कॉम्प्युटरची तारीख चुकली असेल तरी ब्राउझर साइट अडवतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

नेट चालतं पण रखडतं, तेव्हा बँड, म्हणजे वाय-फायचा लहरींचा पट्टा, बघा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. २.४ लांब पोचतो, मात्र ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्कसुद्धा त्यात भर घालते. ती वाय-फाय डोंगलला खेटून लावू नका.

विंडोजचं 'नेटवर्क रिसेट' अगदी शेवटी. त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. आणि वाय-फायचा नवा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) हाताशी नसताना जुना पुरता उडवू नका. उडवलाच असेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्या नेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्या.