राजीनामा दिला, तरी ग्रॅच्युइटी मिळाली

जून २०२२ मध्ये चाकणच्या कारखान्यातली स्टोअरची नोकरी सोडली. हिशेब हातात आला, त्यात ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, नाही. एचआरचे साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःहून सोडलंत, मग कसली ग्रॅच्युइटी?" मीही मान डोलावून घरी आलो!

मेहुण्याने १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा उघडून दाखवला. दहा किंवा जास्त कामगार आणि सलग पाच वर्षं नोकरी असेल, तर राजीनामा दिला तरी हक्क जात नाही. गणित सोपं: मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझे १८,२०० होते, म्हणजे दिवसाचे ७००. सेवा सहा वर्षं आठ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात. एकूण ७३,५००.

भांडलो नाही. 'फॉर्म आय', म्हणजे ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, भरून रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोचपावती जपली. तीस दिवसांत पैसे न दिल्यास व्याज लागतं आणि नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं, हे सोबतच्या पत्रात लिहिलं. साहेबांचा फोन आला, आवाज एकदम मऊ. पूर्ण रक्कम जमा झाली. व्याजाचं मी सोडून दिलं, ती चूकच.

(आता १९७२ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कायम कामगाराला पाच वर्षांची अट तीच, पण वेतनाची व्याख्या बदलली आहे. आकडा नव्याने काढा.)