डिस्चार्ज अपग्रेड आणि जीआय बिलचे १२०० डॉलर: अर्ज टाकायच्या आधी काय काय जमवायचं

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतूनही पोरं आर्मीत, नेव्हीत जातात, आणि एखाद्याचा डिस्चार्ज, म्हणजे सैन्यातून सुटतानाचा शेरा, बिघडला की घरचे विषयच काढत नाहीत, कोणी विचारलं तर "आता दुसरं काहीतरी करतोय" म्हणून वेळ मारून नेतात आणि कागद कपाटात पडून राहतात. भाच्याच्या निमित्ताने मी या भानगडीत बरंच वाचलं, फॉर्म भरले, लोकांशी बोललो, त्यातून जे हाताला लागलं ते लिहितोय. मी वकील नाही हे आधीच सांगतो.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा की ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन वेगळ्या दारांत जायची आहेत. डिस्चार्जचा शेरा बदलायचा अधिकार सैन्याच्या बोर्डाकडे, म्हणजे संरक्षण खात्याकडे. शिक्षणाचे पैसे, म्हणजे जीआय बिल, व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याकडे. व्हीए तुमचा डिस्चार्ज बदलू शकत नाही आणि बोर्ड तुम्हाला जीआय बिलसाठी पगारातून कापलेले १२०० डॉलर परत देत नाही. लोक दोन्हीचं एकच पत्र लिहून पाठवतात आणि मग दोन्हीकडून "आमचा विषय नाही" असं उत्तर येतं. आधी डिस्चार्ज, मग पैसे, हाच क्रम ठेवा.

आता कागद. डीडी-२१४, म्हणजे सुटताना मिळालेला सेवेचा दाखला, काढा आणि नुसता असून चालत नाही, लांब कॉपी आहे का बघा. मेंबर-१ लिहिलेली छोटी कॉपी असते, तिच्यात खालचा महत्त्वाचा भागच नसतो, आपल्याला लागते ती मेंबर-४. त्यात २४ नंबरच्या चौकटीत शेरा असतो, चांगल्याकडून वाईटाकडे: ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल म्हणजे ओटीएच, बॅड कंडक्ट नाहीतर डिसऑनरेबल. २६ मध्ये सेपरेशन कोड (सुटण्याच्या कारणाचा), २७ मध्ये रीएंट्री कोड (पुन्हा भरती होता येईल का याचा), २८ मध्ये कारण शब्दांत. पोरं फक्त २४ कडे बघतात पण नोकरी देणारा २८ पण वाचतो, त्यामुळे अर्जात कारण आणि कोडही बदलून मागता येतात ते लक्षात ठेवा. आणि १८ नंबरची रिमार्कची चौकट नीट वाचा. दोनदा सही करून राहिलेल्या माणसाचा पहिला काळ चांगला गेलेला असेल तर तिथे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सलग ऑनरेबल सेवा असं लिहिलेलं सापडू शकतं, आणि ते असेल तर त्या पहिल्या काळाच्या जोरावर जीआय बिल मिळतं का हे अपग्रेडची वाट न बघता आधीच व्हीएला विचारा.

डीडी-२१४ हरवला असेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला एसएफ-१८० फॉर्म टाका, ऑनलाइनही होतं, पैसे पडत नाहीत, फक्त "अनडिलीटेड", म्हणजे काही न गाळलेली, कॉपी मागायची हे विसरू नका. जुन्या लोकांसाठी एक सांगतो, १२ जुलै १९७३ ला त्या सेंटरला मोठी आग लागली होती, १९१२ ते १९६० मध्ये सुटलेल्या आर्मीवाल्यांच्या आणि १९४७ ते १९६४ मधल्या एअर फोर्सवाल्यांच्या बऱ्याच फाइली त्यात गेल्या. नुसता डीडी-२१४ मागू नका, पूर्ण पर्सोनेल फाइल मागा, सेपरेशनचं पॅकेट, काउन्सेलिंगची पत्रं, आर्टिकल १५ चे (कोर्टाशिवाय कमांडरने दिलेल्या शिक्षेचे) कागद, जे असेल ते. मेडिकल रेकॉर्ड वेगळं मागायचं, नव्वदच्या दशकापासून सुटलेल्यांचं ते बहुतेक व्हीएकडे असतं. हे सगळं हातात यायच्या आत अर्ज टाकायची घाई करू नका, मुदत अगदी संपत आली असेल तर गोष्ट वेगळी.

मुदतीचं असं आहे. सुटून १५ वर्षं झालेली नसतील तर डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड, फॉर्म डीडी-२९३. १५ वर्षं उलटली असतील किंवा जनरल कोर्ट मार्शलमधून, म्हणजे सैन्याच्या सगळ्यात मोठ्या कोर्टातून, डिस्चार्ज झाला असेल तर रेकॉर्ड दुरुस्तीचं बोर्ड, फॉर्म डीडी-१४९. त्याला चूक किंवा अन्याय कळल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने ती माफ करता येते, म्हणून उशीर का झाला ते अर्जात दोन-चार वाक्यांत नीट लिहा. रिव्ह्यू बोर्डात दोन संधी असतात, एक कागदांवर आणि एक समोर बोलून, पण समोर बोलायची सुनावणी आधी घेतली तर कागदांवरची संधी जाते. म्हणून माझं मत, आधी कागदांवर जा, नाही म्हणाले तर का नाही म्हणाले ते वाचा आणि मग तयारीनिशी सुनावणी मागा. २० डिसेंबर २०१९ किंवा त्यानंतर सुटलेल्यांना या दोन्हींनंतर डिस्चार्ज अपील रिव्ह्यू बोर्ड म्हणून आणखी एक पायरी आहे.

आणि हो, सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप अपग्रेड होतो हे जे सगळीकडे ऐकायला येतं ते साफ खोटं आहे. सुटताना कोणीतरी पोराला तसं सांगतं आणि पोरगं निवांत बसतं.

फॉर्ममध्ये काय मागायचं तिथे "ऑनरेबल" असंच लिहा. हे मी जोर देऊन सांगतोय कारण ओटीएचवाला माणूस भीत भीत जनरल मागतो, त्याला वाटतं तेवढं मिळालं तरी गंगेत घोडं न्हालं. जनरलवर व्हीएचा दवाखाना, अपंगत्वाची भरपाई वगैरे बरंच मिळतं पण जीआय बिल मिळत नाही, त्याचे दोन प्रकार आहेत, जुनं मॉन्टगोमेरी पण नाही आणि नवं पोस्ट-९/११ पण नाही, त्याला पूर्ण ऑनरेबलच लागतं. मोठं मागा, बोर्डाला वाटलं तर ते कमी देतीलच.

आता खरा जीव आहे तो स्टेटमेंटमध्ये. बोर्ड दोनच प्रश्न बघतं, सैन्याने स्वतःचे नियम पाळले का, आणि दिलेला शेरा न्याय्य आहे का. सैन्याने केलं ते बरोबरच केलं असणार असं धरून ते सुरुवात करतात, उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. त्यामुळे "माझ्यावर अन्याय झाला, सार्जंट माझ्यावर खार खाऊन होता" असलं लिहून काही होत नाही. त्याऐवजी असं लिहा: अमुक महिन्यात डिप्लॉयमेंटवरून परत आलो, त्याआधी फाइलवर एकही शिस्तभंग नाही, पुढच्या महिन्यापासून झोप लागेना, मेडिकलच्या अमुक पानावर त्याची नोंद आहे, त्यानंतर पहिल्यांदा ड्यूटीला उशीर झाला, त्यानंतर दारू, त्यानंतर आर्टिकल १५. तारीख, पान नंबर, पुरावा, पुढची तारीख. वाचणाऱ्याला फाइल उलटून बघता आली पाहिजे. आपल्याकडे घरच्या गोष्टी बाहेर सांगायची सवय नसते, भाच्याच्या पहिल्या मसुद्यात झोपेबद्दल आणि औषधांबद्दल एक अक्षर नव्हतं, आईला कळेल म्हणून! पण तीच तर केस होती.

पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार), डोक्याला मार, लैंगिक अत्याचार किंवा छळ यातलं काही असेल तर २०१४ चा हेगल मेमो आणि २५ ऑगस्ट २०१७ चा कुर्टा मेमो या संरक्षण खात्याच्या सूचनापत्रांचं नाव घेऊन लिहा. त्यांनी बोर्डांना सांगितलंय की अशा केसेसकडे उदारपणे बघा. कुर्टा मेमोत चार प्रश्न आहेत: असा आजार किंवा अनुभव होता का, तो सेवेत असतानाचा होता का, झालेल्या वागण्याचं कारण त्यात सापडतं का, आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा त्याचं पारडं जड आहे का. स्टेटमेंटला सरळ हे चार भाग पाडा. त्या वेळी निदान झालं नव्हतं तरी हरकत नाही, नंतरच्या डॉक्टरचं पत्र चालतं, शिवाय अत्याचाराच्या केसमध्ये स्वतःची साक्षसुद्धा पुरावा धरतात. २०११ च्या आधी समलिंगी म्हणून काढलेल्यांसाठी वेगळा मेमो आहे, त्यात बाकी काही गडबड नसेल तर बऱ्यापैकी सरळ काम होतं. २५ जुलै २०१८ चा विल्की मेमो माफीच्या अंगाने आहे, नंतर माणूस कसा जगला ते बघा म्हणतो, म्हणून नोकरीचे कागद, कॉलेजचे मार्क, व्यसन सुटल्याचे दाखले, पोलिस रेकॉर्ड स्वच्छ असल्याचा कागद, सगळं लावा.

ओळखीची पत्रं थोडीच घ्या पण कामाची घ्या. बरोबर सेवेत असलेल्या दोघांची पत्रं महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांच्या "अतिशय सुसंस्कृत कुटुंब" छाप पत्रापेक्षा कितीतरी उपयोगी. लिहिणाऱ्याने स्वतः काय बघितलं ते लिहावं. पुण्या-नाशिकच्या डॉक्टरकडे उपचार झाले असतील तर तेही जोडा, मराठीत काही असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासकट. बोर्डांचे जुने निकाल नावं काढून ऑनलाइन ठेवलेले आहेत, आपल्यासारख्या केसचे पाच-सहा वाचून काढा, कशावर हो म्हणतात आणि कशावर नाही ते वाचताना आपोआप कळतं. मदत फुकट मिळते, अमेरिकन लीजन, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे लोक असतात, येलसारख्या लॉ कॉलेजांची क्लिनिक असतात, त्यामुळे आधी पैसे मागणाऱ्या "गॅरंटी" वाल्याला दारात उभं करू नका.

ज्यांना नागरिकत्व सैन्यातल्या सेवेवर मिळालंय त्यांनी एक जास्त सांभाळायचं. २४ नोव्हेंबर २००३ पासून पुढे असं नागरिकत्व मिळालेला माणूस ५ वर्षं ऑनरेबल सेवा पूर्ण व्हायच्या आत ओटीएच किंवा त्याहून वाईट शेऱ्यावर सुटला तर नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई होऊ शकते. अशांनी स्टेटमेंट पाठवायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा, त्यात कंजूषी नको.

आता पैशांकडे. मॉन्टगोमेरीसाठी पगारातून महिन्याला १०० असे १२ महिने १२०० डॉलर कापले जातात, आणि घरातले सगळे म्हणतात की बिल मिळणार नसेल तर आमचे पैसे तरी द्या. कायद्याने ती वर्गणी धरलेलीच नाही, पगारच तेवढा कमी केलेला आहे आणि ती रक्कम सरकारच्या तिजोरीत गेली. म्हणजे डिस्चार्ज बिघडल्याने बिल गेलं म्हणून ते परत मिळत नाहीत. परत मिळायच्या वाटा अरुंद आहेत. एक, डीडी-२३६६ वर, म्हणजे मॉन्टगोमेरी हवं की नको ते सांगायच्या फॉर्मवर, नको म्हणून सही केलेली असताना कापले असतील तर, मग तो फॉर्म आणि त्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा म्हणजे एलईएस शोधा. दोन, मॉन्टगोमेरी सोडून पोस्ट-९/११ घेतलं आणि ते पूर्ण संपवलं तर शेवटच्या घरभाड्याच्या भत्त्याबरोबर १२०० पर्यंत परत येतात, मॉन्टगोमेरीचे जितके महिने उरले होते त्या प्रमाणात. त्यासाठी शेवटच्या टर्मला भत्ता चालू असावा लागतो, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त वेळचे क्लास हवेत. महिन्याचे पैसे वाढावेत म्हणून वरचे ६०० डॉलर भरून बाय-अप घेतलं असेल तर ते या हिशोबात येत नाहीत. पण घाईने मॉन्टगोमेरी सोडू नका, कारण १६ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रुडिसिलच्या केसमध्ये सांगितलं की वेगवेगळ्या सेवाकाळांवर दोन्ही बिलं कमावलेल्याला दोन्ही वापरता येतात, एकूण ४८ महिन्यांपर्यंत. बाराशेसाठी वर्षभराचं शिक्षण सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

१९७७ ते जून १९८५ मध्ये भरती झालेले काका लोक असतील तर त्यांची गोष्ट निराळी. त्यांचं व्हीईएपी, म्हणजे त्या वेळची शिक्षणाची योजना, खरंखुरं वर्गणीचं होतं, जास्तीत जास्त २७०० डॉलर, आणि न वापरलेली स्वतःची रक्कम परत मागता येते, फॉर्म २२-५२८१.

अपग्रेडचा निकाल यायला वर्ष सहज जातं, मधे घर बदललं तर बोर्डाला कळवा, भारतात परतला असाल तर इथला भरवशाचा एक पत्ता द्या. निकाल बाजूने लागला की नवीन डीडी-२१४ येतो, त्याची कॉपी आणि शिक्षणाचे पैसे मागायचा २२-१९९० फॉर्म व्हीएला पाठवा. मॉन्टगोमेरीची १० वर्षांची मुदत डिस्चार्जमुळे अडली असेल तर अपग्रेडच्या तारखेपासून मोजायला सांगा, आणि २०१३ किंवा त्यानंतर सुटलेल्याला पोस्ट-९/११ ला मुदतच नाही.