गाडी तापते? पार्ट बदलण्याआधी ती नेमकी कधी तापते ते बघा

मे महिन्याच्या दुपारी नाशिकच्या द्वारका चौकात अडकलेली गाडी आणि कसारा घाट चढणारी गाडी, दोन्हींचा काटा लाल रेघेकडे जातो, पण दोन्हींचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं. ते न ओळखता आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), मग थर्मोस्टॅट (ते गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप), मग रेडिएटर (ते वाऱ्याने थंड करणारी जाळी) असं एकेक बदलत गेलं, की पैसे जातात आणि गाडी पुढच्या घाटात पुन्हा उकळते. म्हणून गॅरेजला जाण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: वेग किती होता, एसी चालू होता का, चढ होता का, आणि गाडी सुरू करून किती वेळ झाला होता. निम्मं निदान इथेच होतं.

काटा वर जातोय, आत्ता काय करायचं

एसी लगेच बंद करा. काचा खाली घ्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल्ल ठेवा. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनातली बरीच उष्णता बाहेर काढतो. ट्रॅफिकमध्ये असाल तर न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या, १५०० ते २००० आरपीएम. त्याने कूलंट फिरवणारा पंप वेगाने फिरतो. दीड-दोन मिनिटांत काटा उतरला नाही, लाल दिवा लागला किंवा बोनेटमधून वाफ आली, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. घाटात वळणावर थांबू नका. सरळ पट्ट्यात गाडी कडेला लावा, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड ठेवा.

वाफ ओसरल्याशिवाय बोनेट उघडू नका. त्यानंतरही किमान ३० ते ४५ मिनिटं थांबा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) फडक्याने दाबून बघा. टणक लागला तर आत प्रेशर आहे, टोपी उघडायची नाही. मऊ झाल्यावर जाड फडकं ठेवून पाव फेरा फिरवा, उरलेली हवा जाऊ द्या, मगच टोपी काढा. उकळतं कूलंट तोंडावर आलं तर गंभीर भाजतं.

तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नका. इंजिनाचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं असतं, अचानक थंड झालं की वाकतं किंवा तडकतं. इंजिन निवल्यावर ते सुरू ठेवून, साधं पिण्याचं पाणी हळूहळू भरा. अडीनडीला ते चालतं, नंतर मात्र काढून टाका. बोअरचं पाणी टाळा, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

आणखी एक फसवी गोष्ट: काटा लाल रेघेवरून एकदम खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट इतकं संपलेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. अशा गाडीत ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर तापमान बघता येतं. ८५ ते १०० अंश नेहमीचं, १०५ च्या वर सावध व्हा, ११५ ला थांबा.

ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला ठीक

हायवेला समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम फॅनचं. म्हणून इथे पहिला संशय फॅनवर. इंजिन सुरू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन काही सेकंदांत फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून फॅनच्या जागी लावा. तरीही नाही, तर फॅनचा सॉकेट काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली आहे, दोष वायरिंगमध्ये किंवा तापमानाच्या सेन्सरमध्ये. मुळीच नाही फिरला किंवा हाताने ढकलल्यावर फिरला, तर मोटरचे कार्बन ब्रश संपलेत. फॅन दोन वेगांचा असेल तर रेझिस्टरही तपासा. तो जळला की फॅन कमी वेगात फिरतच नाही, इंजिन बरंच तापल्यावर एकदम फुल्ल वेगात सुरू होतो. इंजिन बंद असलं तरी फॅन अचानक फिरू शकतो, त्यामुळे हात घालण्याआधी सॉकेट काढा.

मोटर नुकतीच बदललेली असेल तर वर्तमानपत्राचा एक कागद ग्रिलच्या बाजूने कंडेन्सरवर (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवर) धरा. फॅन सुरू झाला की कागद जाळीला चिकटायला हवा. उडून लांब गेला तर वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन हवा आत ओढण्याऐवजी पुढे फेकतोय. फॅन फिरताना दिसतो, म्हणून हा दोष महिनोन्महिने सापडत नाही.

फॅन ठणठणीत असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघा. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मध्ये मात्र धूळ, किडे आणि पाचोळ्याचा थर बसलेला असतो. बागेच्या पाइपने, इंजिनकडून पुढच्या दिशेने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप वापरू नका, पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

घाटात किंवा सलग वेगात तापते

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना किंवा समृद्धीवर ताशी १२० ने धावताना काटा वर जातो, शहरात मात्र काही नाही, याचा अर्थ पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून चोकअप झालाय. बरीच वर्षं साधं पाणी भरून चालवलेल्या गाडीत हा चोकअप हमखास सापडतो. गाडी तापवा, इंजिन बंद करून फॅनचा सॉकेट काढा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवा. मध्येच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा २०–२५ अंशांनी थंड असेल, तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

खालचा होजही बघा. बोनेट उघडून कुणाला तरी ३००० आरपीएमपर्यंत रेस द्यायला सांगा. होज चपटा झाला तर तो आतून सडलाय किंवा टोपीचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकलाय. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथे वाळलेल्या कूलंटचा डाग दिसला की पंपाचं सील गेलं. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट आणि पंप एकत्रच बदला, मजुरी एकदाच लागते.

टोपी

सगळ्यात स्वस्त पार्ट हाच आणि सगळ्यात दुर्लक्षितही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरची टोपी कुकरच्या शिट्टीसारखी प्रेशर धरून ठेवते. ०.९ ते १.१ बार प्रेशरमध्ये निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की तेच मिश्रण खूप आधी उकळून कूलंटच्या बाटलीतून बाहेर पडतं. नवीन टोपी जुनीवर छापलेल्या आकड्याचीच घ्या. जास्त प्रेशरची लावली तर होज फाटतो.

थर्मोस्टॅट

थंड गाडी सुरू केल्यावर ५ ते १० मिनिटांतच तापली, वरचा होज चटका देतो आणि खालचा गारच राहतो, तर थर्मोस्टॅट बंदच अडकलाय. काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवा आणि थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाला, साधारण ८२ ते ८८ ला, तो उघडायला लागायला हवा.

थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील, हा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. इंजिन वेळेवर गरम होत नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. निफाडच्या थंडीत तर आणखीच. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं, आणि गाडी घाटात उलट जास्त तापते.

कूलंट बदलणं

लहान हॅचबॅकमध्ये ३.५ ते ५ लिटर, मोठ्या डिझेल एसयूव्हीत ७ ते १० लिटर लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

१. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचा खालचा नळ किंवा खालचा होज सोडा. कूलंट टबमध्ये धरा. ते चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्री-मांजरं, गायी ते चाटतात, म्हणून गटारात किंवा अंगणात सोडू नका.

२. हीटर गरमवर ठेवा. डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन गरम करा, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच.

३. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणात पाणी घालू नका. हिरवं जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारित) प्रकारचं पाच वर्षांपर्यंत. रंगावरून प्रकार ठरवू नका, लेबल वाचा. दोन प्रकार एकत्र झाले तर आत गाळ धरू शकतो.

४. गाडीचं तोंड चढावर करा, टोपी उघडी ठेवून हळू भरा. ब्लीड स्क्रू (आतली हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करा, बुडबुड्यांशिवाय कूलंट आलं की घट्ट करा. थंड असतानाच इंजिन सुरू करा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा, पातळी उतरेल तसं भरा. कूलंट फुगून वर येऊ लागलं की टोपी लावा. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत अजून एअर आहे.

कूलंट कमी होतं, गळती मात्र दिसत नाही

आधी डावीकडच्या सीटपुढचं मॅट उचला. ओलसर, चिकट असेल आणि काचेवर आतून धुरकट थर येत असेल, तर हीटरची जाळी गळतेय. मग प्रेशर टेस्ट करून घ्या: थंड इंजिनवर टोपीच्या आकड्याइतकं प्रेशर द्यायचं आणि १५ मिनिटं टेस्टरचा काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर थेंबही नाही, तर संशय हेड गॅस्केटवर (हेड आणि खालच्या इंजिन ब्लॉकमधल्या सीलवर). टोपी काढून थंड इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर, ऑइलच्या टोपीखाली दुधट फेस ही त्याची लक्षणं. फक्त फेसावरून मात्र हेड खोलायला देऊ नका, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानेही तो येतो. ब्लॉक टेस्ट करायला सांगा, त्यात रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. पेट्रोल गाडीत ते द्रव पिवळं झालं तर जळका गॅस कूलंटमध्ये शिरतोय.

हेड उतरवलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून हेड वाकलंय का ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतच चालतं, त्यापुढे फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) लागतं. तडा आहे का तेही प्रेशरने तपासून घ्या. बोल्ट फिरवण्याच्या कोनाच्या हिशेबाने आवळायचे असतील तर बहुतेक मॅन्युअल नवेच वापरायला सांगतात, कारण ते एकदा ताणले गेलेले असतात. गाडी ताब्यात आल्यावर पहिले तीन-चार दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, बाटलीवरच्या खुणेशी कूलंटची पातळी ताडून बघा.