एकाच अल्बमचा बँड आणि माझं चाली बांधायला शिकणं

आमचा बँड दीड वर्षात फुटला तेव्हा वाटलं, संपलं आपलं. भांडण काही नव्हतं. मला चाली बांधायला आवडायचं, पण कार्यक्रम ठरला की दोन दिवस आधीपासून पोटात गोळा. त्याच सुमारास मित्रानं न्यू रॅडिकल्स या अमेरिकन बँडचा अल्बम ऐकायला दिला. 'मेबी यूव्ह बीन ब्रेनवॉश्ड टू', साल १९९८, गाणी १२. बँडचा पहिला अल्बम आणि शेवटचाही. गाणी लिहायच्या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी अजून आधी हाच ऐकायला सांगतो.

बँड म्हणायचा तो नावापुरता. सगळा डोलारा मिशिगनच्या ग्रेग अलेक्झांडरचा, सोबत गायिका डॅनिएल ब्रिसब्वा, बाकीचे वादक येऊन-जाऊन. याआधी १९८९ आणि १९९२ साली ग्रेगचे स्वतःच्या नावाचे दोन अल्बम आले होते, त्यांना कुणी फारसं विचारलं नव्हतं. 'पहिल्याच अल्बममध्ये यश' असं कुठे वाचलंत तर हे दोन आठवा.

'यू गेट व्हॉट यू गिव्ह' हे त्यातलं गाजलेलं गाणं. वही घेऊन बसा. एकदा फक्त ड्रम ऐका, एकदा फक्त बेस, मग शब्द. शेवटाकडे ग्रेग आरोग्य विमा आणि बँकवाल्यांवर घसरतो आणि लगेच बेक, हॅन्सन, कोर्टनी लव्ह, मॅरिलिन मॅन्सन या तेव्हाच्या गाजलेल्या गायकांना आणि बँडना नावानिशी दम भरतो. पत्रकारांनी उचललं काय? अर्थात ती नावं. लोक नेमकं कशावर बोलतात तेच बघायचं होतं, असं त्यानं पुढे सांगितलं. मला ही युक्ती पुरती पटत नाही. नावं जुनी होतात, ओळ शिळी होते. पण गाण्यात एक ओळखीचं नाव आलं की ते शेजारच्या चार ओळी गिळतं, हे मी स्वतःच्या गाण्यांत दोनदा भोगलंय.

आता खरी गोष्ट. जुलै १९९९ मध्ये, दुसरं सिंगल (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) बाजारात यायच्या आधीच, ग्रेगनं बँड मोडला. सततचा प्रवास आणि मुलाखती त्याला नकोशा झाल्या होत्या, गाणी लिहिणं नव्हे. गिटारवादक सँटाना आणि गायिका मिशेल ब्रँचचं 'द गेम ऑफ लव्ह' (२००२) त्यानं गीतकार रिक नॉवेल्सबरोबर लिहिलं, श्रेयनामावलीत टोपणनावानं. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. ब्रिटिश गायिका सोफी एलिस-बेक्स्टरचं २००१ मधलं 'मर्डर ऑन द डान्सफ्लोअर' तर मुळात त्याच्याकडे नव्वदच्या दशकापासून पडून होतं.

म्हणून दर महिन्याला स्वतःला विचारा, यातल्या कुठल्या कामानं मी दमतो आणि कुठल्या कामात जेवायचं विसरतो. मी हे उशिरा विचारलं. आता दुसऱ्यांसाठी चाली बांधतो, मंचावर पाय ठेवत नाही.

आणि डेमो, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, फेकू नका. फाइलला तारीख द्या, चाल कुणाची, शब्द कुणाचे, कुणाचा वाटा किती, हे त्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. दोस्तीत हे मागायला लाज वाटते, मलाही वाटली. आमच्या बँडच्या दोन चांगल्या चाली त्यामुळे अजून हार्ड डिस्कमध्ये अडकून आहेत. चौघांना चार वेगवेगळ्या गोष्टी आठवतात.