झेडझेड प्लांट कसा लावायचा, आणि मुख्य म्हणजे कसा मारायचा नाही

तुमच्या घरात कांदे-बटाटे कुठे ठेवता ते आधी आठवा. सिंकखाली ओल असते तिथे ठेवत नाही, गच्चीत उन्हात ठेवत नाही, जाळीच्या टोपलीत वारा लागेल असे ठेवतो, आणि तरीही जुलैमध्ये एखादा बटाटा तळाशी सडतो आणि असा वास सुटतो की अख्खं घर शोधाशोध करत बसतं. एवढं डोक्यात ठेवलंत की झेडझेड प्लांट सांभाळायचं निम्मं काम झालं समजा, कारण वरच्या त्या चकचकीत हिरव्या पानांखाली मातीत बटाट्यासारखे कंदच असतात आणि झाड जगतं ते त्यांच्या जिवावर.

झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. केनिया, टांझानिया, मोझांबिक, झिंबाब्वे करत खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत सापडतं. तिकडे पाऊस आला की भरपूर पाणी पिऊन घ्यायचं आणि नंतर कोरड्या महिन्यांत कंदातल्या साठ्यावर काढायचं असा त्याचा हिशोब, आणि फारच ताण पडला तर पानं गाळून टाकतं पण खाली कंद जिवंत असतो. युरोपातल्या लोकांनी त्याची नोंद १८२९ सालीच केली होती, पण १९९६ च्या सुमारास हॉलंडच्या नर्सऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर रोपं करायला घेतली आणि मग ते घराघरात, ऑफिसाऑफिसात पोचलं. शास्त्रीय नाव झामिओकुल्कस झामिफोलिया, त्यातल्या दोन झेडवरून झेडझेड, आणि त्यातलं कुल्कस हे अरबीतल्या अळूच्या नावावरून आलंय. नाव बरोबरच आहे म्हणा, कारण हे अळूच्या आणि सुरणाच्या कुळातलंच झाड आहे. तेव्हा आफ्रिकेचा पाहुणा वगैरे काही नाही, आपल्याच ओळखीतल्या घरातला आहे.

आणायचं कुठून आणि बघायचं काय

पुण्यात नर्सऱ्यांना तोटा नाही. हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलात की उरुळी कांचन, सोरतापवाडीकडे नर्सऱ्याच नर्सऱ्या, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्प प्रदर्शन भरतं तिथेही स्टॉल असतात. काही नर्सरीवाले याला नुसतं झामिया म्हणतात, गोंधळू नका, पण खरा झामिया वेगळा असतो म्हणून पान दाखवून एकदा विचारून घ्या. काळ्या पानांचा प्रकारही मिळतो. त्याची नवीन पानं पोपटी येतात आणि हळूहळू काळी पडतात, तेव्हा हिरवा कोंब दिसला म्हणून दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

घेताना पानांच्या चकाकीवर जाऊ नका, ती स्प्रे मारूनही आणता येते. काडी मातीतून बाहेर येते तिथे ती जाड, फुगीर असते, तिथे बोटाने हलकं दाबून बघा. कडक लागली तर घ्या, पिकल्या केळ्यासारखी दबली तर तसंच ठेवून द्या, भले कितीही स्वस्त देवोत. पिशवी उचलून बघा, चिंब आणि जड असेल तर त्यातल्या त्यात कोरडी पिशवी मागा. मातीतून एखादा टोकदार कोंब वर येत असेल तर उत्तमच.

घरी आणलं की लगेच कुंडी बदलायची घाई नको. दोन-तीन आठवडे आहे त्या पिशवीत राहू दे, घराची सवय होऊ दे.

कुंडी आणि माती

कुंडीला खाली भोक हवंच, यात तडजोड नाही. ती सुंदर पांढरी सिरॅमिकची बिनभोकाची कुंडी आवडली असेल तर झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी त्या सुंदरीत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढायची. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोनच इंच मोठी घ्या. मोठी कुंडी घेतली तर झाड मोठं होईल असं वाटतं, पण होतं उलटंच, जास्तीच्या मातीतलं पाणी ओढायला मुळं नसतात आणि मग ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहते.

मातीचं म्हणाल तर पुण्याच्या आसपासची काळी माती नुसती वापरू नका, ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. मी एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड रेती किंवा परलाईट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) आणि वर दोन मुठी गांडूळखत असं मिसळते. परलाईट नसेल तर विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे करून टाकले तरी तेच काम होतं. परीक्षा सोपी आहे, मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची, लाडू वळला गेला आणि तसाच राहिला तर अजून रेती पाहिजे, बोट लावल्यावर भुगा झाला तर जमलं.

लावताना कंद फार खोल पुरू नका, जेमतेम झाकले जातील एवढंच. नंतर दोन-अडीच वर्षांनी प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगलेली दिसेल, आतल्या कंदांनी ढकललेली असते. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये एक साईज मोठी कुंडी द्या.

उजेड

अंधारात पण जगतं असं सांगून हे झाड विकतात. जगतं खरं, पण नुसतंच जगतं, वर्षभरात एक मरतुकडी काडी काढतं. पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवलंत तर वेगळंच झाड वाटेल. पश्चिमेच्या गॅलरीत मात्र एप्रिल-मेचं दुपारचं ऊन थेट लागलं तर पानं पिवळी पडून गुंडाळतात आणि भाजलेले डाग पडतात ते काही जात नाहीत. तिथेच ठेवायचं असेल तर पडद्याच्या आत. दर पंधरा दिवसांनी कुंडी पाव फिरवा, नाहीतर सगळ्या काड्या खिडकीकडे वाकून उभ्या राहतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गॅलरीतली कुंडी आत घ्या.

पाणी, म्हणजे सगळा खेळ इथेच आहे

आमचं पहिलं झाड दीड वर्ष मस्त चाललं होतं. मग पावसाळ्यात सासूबाई राहायला आल्या. त्या रोज सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आणि तांब्यात उरलेलं घोटभर पाणी प्रेमाने शेजारच्या कुंडीत, बिचारं तहानलेलं असेल म्हणून. घोटभरच, पण रोज. ऑगस्टमध्ये एक काडी पिवळी झाली, मी म्हटलं जुनी असेल, मग दुसरी, आणि तिसरी तर हात लावला तर हातातच आली, बुंध्याशी गिळगिळीत, आणि वास तोच, सडक्या बटाट्याचा. मी त्यांना काही बोलले नाही, कारण आदल्या वर्षी मनीप्लांट मी स्वतः असाच मारला होता.

तर नियम असा की माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. वरून बघून काही कळत नाही. संपलेल्या अगरबत्तीची काडी धुवून ठेवा, ती कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, ओलसर निघाली किंवा माती चिकटली तर थांबायचं. कोरडी निघाली तरच पाणी, आणि मग कंजूषपणा करायचा नाही, खालच्या भोकातून वाहीपर्यंत घालायचं आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं. ताटलीत साठलेल्या पाण्यात डास होतात हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

सहा-सात इंची कुंडी आणि बरा उजेड असेल तर माझ्याकडे साधारण असं चालतं: मार्च ते मे दहा-बारा दिवसांनी, जून ते सप्टेंबर तीन आठवड्यांनी, कधी महिन्यानेही, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा पंधरा दिवसांनी आणि थंडीत तीन-चार आठवड्यांनी. पण कॅलेंडरपेक्षा काडीचं ऐका. तुमचं घर तळमजल्यावर कोंदट असेल तर हे आकडे अजून लांबतील. गावाला जाताना शेजारच्या काकूंना किल्ली देत असाल तर बाकीच्या कुंड्या दाखवा आणि ही लपवून ठेवा, मी खरंच तसं करते. गुरुवारी पाणी बंद असलं तरी या झाडाला पत्ताही लागत नाही.

आणि रोज घोटभर पाण्याचं म्हणाल तर आता तुळशीशेजारी गवती चहा ठेवलाय, तो कितीही पितो.

सडलंच तर

एक जुनी, खालची काडी पिवळी झाली तर घाबरू नका, तेवढं चालतं. एकाच महिन्यात दोन-तीन झाल्या तर झाड कुंडीतून बाहेर काढाच. माती झाडा, मऊ आणि काळपट झालेले कंद, मुळं स्वच्छ सुरीने कापून टाका, कापलेल्या जागी आमच्याकडे हळद लावतात, मीही लावते. दोन दिवस सावलीत पेपरवर वाळू द्या, मग नव्या कोरड्या मातीत लावा आणि आठ-दहा दिवस पाण्याचं नावही काढू नका. आमचा एक कंद असाच वाचला.

पानांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, ओल्या कापसाने पुसून काढा आणि आठवड्याने पुन्हा बघा, नाही गेला तर नीम तेल.

खत, साफसफाई

खताची फार हौस नसते याला. वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत पुरतं, किंवा उन्हाळा-पावसाळ्यात दोन महिन्यांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, चिमूटभरच. थंडीत काहीच नाही.

धूळ मात्र पुसा, समोर बिल्डिंगचं काम चालू असेल तर आठवड्यालाच पुसावी लागेल. साधं ओलं फडकं, बास. खोबरेल तेल, दूध असलं काही चोळू नका, त्यावर धूळ अजून चिकटते.

अजून एक गंमत, जी आपल्याला फांदी वाटते ती फांदी नाही, ते एकच मोठं पान आहे आणि त्यावरची चकचकीत पानं म्हणजे त्याच्या पर्णिका. म्हणून वरून शेंडा छाटला तर बाजूने फुटवे येत नाहीत, नुसतं थोटूक राहतं. काढायची तर काडी बुडाशी कापा. आणि कापताना हातमोजे घाला किंवा नंतर हात धुवा, कारण अळूसारखंच यातही कॅल्शियम ऑक्झलेट असतं. अळूच्या फदफद्यात चिंच घालून आपण निभावून नेतो, इथे मात्र काही उपाय नाही, पान चावलं तर तोंड खाजतं, आग होते. रांगतं बाळ किंवा झाडं कुरतडणारी मांजर असेल तर उंचावर ठेवा. याने कॅन्सर होतो वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतं त्यात मात्र तथ्य नाही. तसंच हवा शुद्ध करतं हेही मनावर घेऊ नका, ज्या नासाच्या प्रयोगाचा दाखला देतात तो १९८९ चा, बंद पेट्यांमध्ये केलेला, आपल्या हॉलसारख्या ये-जा करणाऱ्या हवेत नाही.

एकाची दहा करायची तर

घाई असेल तर कुंडी बदलतानाच कंद हाताने वेगळे करून दोन कुंड्या करा, प्रत्येकाला एखादी काडी आणि मुळं हवीत.

धीर असेल तर पानापासून करा. काडीवरची पर्णिका देठासकट तोडा, दिवसभर सावलीत वाळू द्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात रेती आणि कोकोपीट भरा, पानाचा देठाकडचा एक तृतीयांश भाग आत जाईल असं खोचा आणि डबा उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. माती किंचित ओलसर, त्याहून जास्त नाही. दोन-तीन महिन्यांनी हलकेच उपसून बघितलं तर देठाला वाटाण्याएवढा कंद आलेला असतो. आणि मग काही नाही. महिनोन्महिने काहीच नाही. मी गुढीपाडव्याच्या सुमारास लावलेल्या पानांना कोंब दिसला तो दिवाळीची साफसफाई करताना, मधे पानं पिवळी पडून वाळून पण गेली होती. पान वाळलं तरी फेकू नका, खाली कंद टणक असेल तर तो येतोच. फक्त डब्यावर ठळक अक्षरात चिठ्ठी चिकटवा, कारण कोरड्या मातीने भरलेला श्रीखंडाचा डबा घरातलं कुणी ना कुणी नक्की कचऱ्यात टाकतं.