श्वास वाढला, बोटं आखडली: या चुका टाळा

लग्नाचा हॉल, मयतीचं घर, बारावीचं परीक्षा केंद्र. सांगली-मिरजेकडे हे कुठंही बघायला मिळतं. एखादी मुलगी भराभर श्वास घेऊ लागते, ओठांभोवती मुंग्या येतात, मनगट वाकतं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटतात, अंगठा तळव्यात ओढला जातो. कुणीतरी ओरडतं, "फिट आली!" आणि नाकाशी कांदा नाहीतर चप्पल येते.

ही बहुधा फिट नसते. मुलगी शुद्धीत असते, विचारलेलं तिला कळतं. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामागोमाग रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि स्नायू आखडतात. श्वास ताळ्यावर आला की बोटं आपोआप सुटतात. ती ओढून सरळ करू नका. दातखीळ समजून तोंडात चमचा तर अजिबात घालू नका. पाणीसुद्धा दम खाली बसल्यावरच द्या, नाहीतर ठसका लागतो.

तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय सोडून द्या. मूळ दुखणं दमा, न्यूमोनिया किंवा हार्ट अटॅकचं निघालं, तर पिशवीत ऑक्सिजन आणखी कमी पडून जिवावर बेतू शकतं.

पण सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: "टेन्शन घेतलंय, दुसरं काही नाही" असं आधीच ठरवून टाकणं. ऑक्सिमीटरवर ९९ दिसलं की घरचे निर्धास्त होतात. शुगर फार वाढून रक्तात आम्ल साचलं तरी श्वास खोल आणि जलद होतो, आणि तेव्हाही आकडा ९८-९९ असू शकतो. इन्सुलिन चुकलंय का, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतोय का, बघा. तासगावकडे द्राक्षबागेत फवारणी करून आलेला माणूस धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, घाम फुटला असेल, तर ती विषबाधा समजा.

घबराटच असेल तर गर्दी हटवा. "शांत हो, शांत हो" असं सगळ्यांनी ओरडण्यापेक्षा आई, मावशी, जिच्यावर विश्वास आहे अशा एकीनेच जवळ बसावं. "माझ्याबरोबर नाकानं श्वास घे, आता हळूहळू सोड," असं म्हणत सोडताना सहापर्यंत मोजावं. "नाटक करतेय" हा शब्द तिच्या कानावर पडू देऊ नका. भीती खरी असते, त्रासही खरा असतो.

छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, घरघर, ताप, गरोदरपण, शुद्ध हरपणं, एकाच बाजूचा हातपाय लुळा पडणं, यातलं काहीही असेल, किंवा असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. फवारणीचं प्रकरण असेल तर औषधाचा डबाही.